तोबरा नाही

केदार हल्ली कशालाच हसत नाही, ही काळजी हेमाताईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. चिडला असता, रडला असता, तरी त्यांना बरं वाटलं असतं.

बी.कॉम. होऊन पोरगा मोडी शिकला आणि एका संस्थेच्या दप्तरखान्यात जुनी पत्रं देवनागरीत उतरवायच्या कामाला लागला. सुरुवातीला संध्याकाळी कात्रजच्या घरात नुसता गोंधळ असे. "आई, या गृहस्थाचं अक्षर बघ. मुंगळा शाईत बुडवून सोडलाय!" मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, सलग ओळ ओढत न्यायची. कुठला शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्याने ताडायचं. केदार ते तांदूळ निवडावेत तसं करी.

मग त्याच्याकडे प्लेगच्या साथीतल्या पत्रांचं गाठोडं आलं. अमका गेला, तमकी गेली, घर सोडून माळावर झोपडीत आहोत. आधी तो जेवताना सांगायचा. मग सांगेनासा झाला. मग आमटीत मीठ नसलं तरी त्याला कळेनासं झालं.

रविवारी दुपारी त्याने एक उतारा आईपुढे तपासायला टाकला. 'तोबरा नाही, लौकर येणे.' खाली टीप : तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाणा-चंदीची पिशवी.

"केदार, पिशवी नाही म्हणून कोणी परगावच्या भावाला बोलावून घेतं का रे? घोडा हटून बसला होता का?"

तो हसला नाही.

"अरे, 'तो बरा नाही' आहे ते. वर पोराच्या तापाचं लिहिलंय बघ."

"हं. असेल."

"असेल काय? मूल आजारी आहे तिथे!"

"मेलं ते. पुढच्या पत्रात आहे." दूधवाला येऊन गेला म्हणून सांगावं, तसा आवाज. "राहू दे घोडाच. कोण बघतंय?"

"तुझ्या साहेबांना सांग, थोडे दिवस दुसरं काही द्या म्हणून."

"अनंतराव? ते म्हणतील, झेपत नसेल तर घरी बसा." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

तिशीच्या मुलाच्या साहेबांना आईने फोन करायचा, म्हणजे दप्तरखानाभर हसं. नोकरीवरही बेतेल कदाचित. हेमाताईंनी पाठमोऱ्या केदारकडे पाहिलं. तो झोपलाही नव्हता, नुसता पडला होता.

त्या फोन घेऊन गॅलरीत गेल्या आणि अनंतरावांचा नंबर काढला. ते गाठोडं त्याच्याकडून काढून घ्या, एवढंच सांगायचं होतं.