कुठला रुपया नलूचा?

महेशचा फोन आला तेव्हा मी पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींच्या मुकुटांना सोनेरी रंग लावत होते. "सुमाताई, आई गेली," एवढंच म्हणाला. त्याची आई म्हणजे रोह्याची माझी काकू. हट्टी, फटकळ आणि मला फार जवळची. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता त्या रुपयांना कोण सांभाळणार...

काकूच्या घरची रीत अशी, की मूल जन्मलं की बारशाला चांदीचा एक जुना रुपया कडी लावून गणपतीच्या माळेत ओवायचा. महेशच्या आधी काकूला मुलगी झाली होती, नलू. बसायला शिकायच्या आतच ती तापाने गेली. तिचा फोटोसुद्धा नव्हता. काकांनी तिच्या रुपयावर सुईने बारीक 'न' कोरला होता, तेवढीच तिची खूण. घरात तिचं नाव कोणी काढत नसे. काकू मात्र दरवर्षी गणपतीआधी दार लोटून घ्यायची, रुपये स्वतः धुवायची आणि पुन्हा ओवायची. आम्ही चिडवायचो, "काकू, बँकेत ठेव गो ती माळ!" ती ढिम्म हलायची नाही.

शीतल सून म्हणून आली त्या वर्षी गणपतीआधी मी रोह्याला गेले होते. काकूबरोबर बाजारातून परतले, तर मोरीत शीतल बसलेली. सासूला खूश करायचं म्हणून बिचारीने काळी पडलेली माळ सोडवली होती आणि पितळेचा तांब्या घासावा तसे ते रुपये चिंच, मीठ आणि राखेने घासायला घेतले होते. निम्मे लखलखीत झाले होते. त्यांच्यावरच्या राजाचा चेहराही पुसट झाला होता.

काकूच्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली. तिने शीतलला हाताला धरून बाजूला केलं, रुपये पाण्यातून काढले आणि खिडकीशी नेऊन एकेक तिरका धरू लागली. "सुमे, तुझी नजर बरी हाय. 'न' दिसतो काय बघ गो!" मी डोळे फाडून बघत होते. सगळीकडे राखेचे चरेच चरे. शीतल रडकुंडीला आली. "आई, काय हरवलं?"

"नलू," काकू म्हणाली. त्या घरात ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने ऐकलं.

न घासलेले रुपये अजून होते. त्यातच तिचा असेल... काकूने काचेच्या वाडग्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथरला, त्यावर ते रुपये ठेवले, खायचा सोडा टाकून कढत पाणी ओतलं. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. आम्ही तिघी वाकून बघत होतो. काळेपणा हळूहळू सुटला. काकूने एकेक रुपया कडेने धरून साध्या पाण्यात बुडवला, मऊ सुती फडक्याने टिपला आणि उजेडात धरला. शेवटचा कितीतरी वेळ धरून ठेवला.

'न' कुठेच नव्हता.

काकूचा संताप मला ठाऊक होता. आता हिचा हात उठतो म्हणून मी मध्ये सरकले. पण ती खाली बसली, फडकं शीतलच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ह्यातला कुठला तिचा, आता नाय सांगता यायचा. सगळेच तिचे समज. घासायचं नाय, नुसतं टिपायचं." त्यानंतर दरवर्षी त्या दोघी मिळून रुपये धुवायच्या. दार उघडं ठेवून.

काकूला जाऊन काही आठवडे झालेत. परवा रोह्याला गेले तर शीतल वाडगा घेऊन एकटीच बसली होती. महेशला जोह्याला आमच्याकडून मूर्ती आणायला निघायची घाई. तो दारातूनच ओरडला, "जरा जोरात पूस ना, आटपेल पटकन!"

शीतलने मान वर केली नाही.

"नाय," ती म्हणाली, "तिला लागंल."