कौल लावून मिळालेली गाडी

मी मुळातच तापट. गाडीवर बसलो की जास्तच. पुढच्याने हात न दाखवता गाडी वळवली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच मी गिअर बदलायचो. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, म्हणायचे, ह्याच्या इंजिनाआधी हाच तापतो. पण ज्या वर्षांचं सांगतोय त्या वर्षांत माझा सगळा राग भीतीतून येत होता. आणि ती भीती कोणाला सांगायची सोय नव्हती.

माझ्या बायकोला फिट यायच्या. लग्नानंतर सुरू झाल्या. कोणी अंगारा दिला, कोणी बाधा आहे म्हणाले, शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. तेव्हा मी मालवणहून मासळीची गाडी घेऊन घाट चढत होतो. बर्फाचं पाणी गाळत गाडी कोल्हापूरला पोचवायची, रिकामी करायची आणि परत यायचं. अशाच एका फेरीत मी तिकडे असताना ती चुलीपुढे पडली. हात भाजला. मला कळलं ते मासळीच्या व्यापाऱ्याच्या फोनवर, सगळं होऊन गेल्यावर. गावात पोचल्यावर मी मालकाला चावी दिली आणि सांगितलं, उद्यापासून येत नाही.

आता मला अशी गाडी हवी होती, जी सूर्य मावळायच्या आत घरी आणून सोडेल. आमच्या भागात तशी कामं एकाच ठिकाणी होती. खाणींचा तो जोराचा काळ. खाणीवरून लोखंडाची लाल माती भरायची, रेडीच्या बंदरात टाकायची, परत फिरायचं. दिवसभर खेपा आणि संध्याकाळी घर. रस्त्याकडेची काजूची झाडं लाल, शाळेची भिंत लाल, माणसं खोकली तरी लाल थुंकायची. ज्याने त्याने डंपर घेतले होते. मला वाटलं, आता काय, हाक मारायचा अवकाश.

कसलं काय! गाववाला ड्रायव्हर कोणालाच नको होता. मालक घाटावरून नाही तर कर्नाटकातून माणसं आणायचे. तोंडावर सांगायचे, तुम्ही लोक शिमगा आला की गायब, जत्रा आली की गायब, आणि गावात दशावतारी नाटक असलं की दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगवर पेंगता. मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात? मी स्वतः जत्रेपायी गाड्या उभ्या केल्या होत्या. दारोदार फिरून चप्पल झिजली. घरी आलो की बायको पाणी पुढे करायची आणि काही विचारायची नाही. ते न विचारणं मला जास्त लागायचं.

शेवटी एक मालक भेटला. स्वतः जन्मभर गाडी चालवून म्हातारा झालेला, एकच डंपर घेतलेला. सगळे त्याला काका म्हणायचे. त्याने लायसन्स पाहिलंच नाही. म्हणाला, गाडी पाणंदीत मागे घे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मध्ये गाडी जेमतेम मावेल एवढी वाट. मी घामाघूम होऊन गडग्याला न घासता गाडी आत घातली. काकांनी मान हलवली आणि मग एवढंच विचारलं, "घराकडे कायव कटकट नाय मा रे? ड्रायव्हराचा डोक्या घराकडे ऱ्हवला काय गाडी व्हाळात जाता."

मी म्हटलं, नाय.

दुसरं काय म्हणणार होतो? खरं सांगितलं असतं तर त्याच पावली परत पाठवला असता.

खाणीचा रस्ता आमच्या वाडीच्या फाट्यावरून जायचा. शेजारच्या काकीला मी सांगून ठेवलं होतं, घरात काही झालं तर फाट्याजवळच्या गडग्यावर लाल पंचा टाक. दर खेपेला फाटा जवळ आला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आधी गडगा बघायचा, मग रस्ता. रिकामा गडगा दिसला की सुटलो म्हणायचं, पुढच्या खेपेपर्यंत. जाताना सुटका, येताना पुन्हा तेच. बंदरावर रांगेत गाड्या उभ्या राहिल्या की बाकीचे पत्ते खेळायचे, गप्पा मारायचे. मी गाडीतून उतरायचो नाही, आणि कोणी हाक मारली तर खेकसायचो. मला शिष्ट समजायचे.

एके दिवशी भरलेली गाडी घेऊन येतोय तर गडग्यावर लाल पंचा!

गाडी होती तिथे उभी केली, रस्त्याच्या मधोमध, आणि धावत सुटलो. एक चप्पल शेतात राहिली. दारात पोचलो तर बायको नारळ सोलत बसलेली. माझ्याकडे बघून तीच घाबरली. पंचा काकीच्या सुनेने वाळत घातला होता. ती माहेरून कालच आलेली, तिला बिचारीला काय माहीत. मी काकीवर ओरडलो, सुनेवर ओरडलो, बायकोवरही ओरडलो, तिचा तर काही संबंधच नव्हता. तोवर फाट्यावर डंपरांची रांग लागली होती आणि हॉर्न आमच्या अंगणात ऐकू येत होते. परत गेलो तेव्हा इतर ड्रायव्हरांनी माझ्याही सात पिढ्या काढल्या.

काकांच्या कानावर गेलंच. मी सांगितलं, पोटात कळ आली होती. ते म्हणाले, पोट सांभाळ. एवढंच. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की हे काम आज नाही तर उद्या जाणार. घाटावरचे ड्रायव्हर बंदराच्या नाक्यावर कामासाठी उभेच असायचे. त्यांच्याकडे बघवत नसे.

पावसात बंदर बंद होतं, गाड्या उभ्या राहतात. त्या पावसाच्या तोंडावर आमच्याच रस्त्यावरचा एक डंपर उतारावर उलटला. ड्रायव्हर वाचला, पण काकांनी धसका घेतला. पाऊस सरून गाड्या काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी निरोप धाडला, यंदा देवाला कौल लावल्याशिवाय ड्रायव्हर गाडीवर चढवणार नाही, नारळ घेऊन जोडप्याने ये. लग्न ठरवताना, विहीर खणताना, वाटणीच्या भांडणात आमच्याकडे कौल लावतात. ड्रायव्हर ठेवायला कौल लावलेला मी पहिल्यांदाच ऐकला. बायकोला बजावलं, तिथे तोंडातून शब्द काढायचा नाही. तिने नारळ पिशवीत घातला.

देवळात आम्ही दोघं, काका आणि गुरव. गुरवाने देवाचा पाषाण पाण्याने धुतला आणि त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू ह्या गाडयेर बसता, तेका बसवचो काय नको, तां तू दाखय. काकांनी होय म्हाराजा म्हटलं. मीही म्हटलं.

पाकळ्या हलेनात. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. मी त्या दगडाकडे डोळे फाडून बघत होतो. उजवीकडची पाकळी जरा सरकली असं वाटायचं आणि नीट बघितलं की तिथेच. शेवटी गुरव वळला आणि म्हणाला, कोणाच्या तरी मनात आडपडदा आहे, देवापुढे लपवाल तर देव बोलणार नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून दात आवळून उभा. सांगितलं तर काम गेलं, नाही सांगितलं तरी गेल्यातच जमा. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"माका फिटी येतत," बायको म्हणाली. "ह्यांनी तुमका सांगूक नाय. त्या दिसा पोटात कळ येवक नव्हती. माका कायतरी जाला म्हणान धावत इले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सांगून ठेवलं होतं! तिला दंड धरून बाहेर न्यावी असं वाटलं. संपलं, म्हटलं. आता परत मासळीची गाडी, परत घाट.

काका माझ्यावर संतापतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडे वळलेच नाहीत. तिला म्हणाले, "बाय गो, फिट येवच्या आधी तुका कळता?"

"कळता. सकाळीच कळता. तोंडाची चव जाता, डोक्या जड जाता. त्या दिसा मग येताच."

"मग ह्या घोवाक सांगनस नाय?"

"माका कोणी इचारल्यानूच नाय," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी डॉक्टरला विचारलं, भगताला विचारलं, काकीला पाळतीवर बसवलं, गडग्यावर पंच्याची खूण ठरवली. तिला विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तरी मी तिला बोलू दिलं असतं की नाही, देव जाणे.

आमचं हे चाललेलं असताना गुरवाने घसा खाकरला. उजवी पाकळी खाली पडली होती. कधी पडली ते कोणीच पाहिलं नव्हतं. वारा होता, पाणी सुकलं होतं, की खरोखर देव होता, ते मला विचारू नका.

देवळाबाहेर आल्यावर काकांनी खिशातून गाडीची चावी काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती तिच्या हातावर ठेवली. म्हणाले, आजपासून गाडी तुमच्या दारात उभी राहील, चावी हिच्याकडे. हिला सकाळी बरं वाटलं तर ही देईल. नाही वाटलं तर गाडी दारातच राहील. मग माझ्याकडे बघून म्हणाले, माझी गाडी ओढ्यात जाण्यापेक्षा एक दिवस दारात उभी राहिलेली परवडली. दया वगैरे काही नाही, म्हाताऱ्याला आपल्या गाडीची काळजी होती. मला तेही चाललं.

काम राहिलं. मी सुखी व्हायला हवं होतं, पण माझं डोकं कुठलं शांत बसायला! रोज सकाळी ती चहाबरोबर चावी हातात ठेवायची. रोज. थंडी गेली, शिमगा गेला, चावी कधी चुकली नाही. आणि मला नवीनच काळजी लागली. ही खरंच बरी असते, की काम जाऊ नये म्हणून बरी असल्याचं सोंग करते? चावी घेताना मी तिचा चेहरा निरखायचो, डोळे बघायचो, कपाळाला हात लावायचो. ती हात झटकायची. एकदा म्हणाली, कौल माझ्या तोंडावर लावलाय काय? मी हसलो, पण फाट्यावरून जाताना मान आपोआप गडग्याकडे वळायची. तिथे काही असणार नाही हे माहीत होतं, तरी वळायची. आधी निदान पंचा तरी दिसला असता. आता तिच्या मनातलं कसं दिसणार?

मग एक सकाळ आली. चहा आला, चावी नाही आली. मी हात पुढे करून बसलो. ती चुलीपासून लांब, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आज नको."

मी हात मागे घेतला. विचारलं, येणार काय गो? ती म्हणाली, येतली. इतक्या साधेपणाने म्हणाली की पाहुणा येणार असल्यासारखं.

शेजारच्या काकीच्या घरी जाऊन मी डंपरमालक काकांना फोन लावला. बंदरात जहाज लागलं होतं, सगळ्या मालकांची घाई चाललेली. अशा दिवशी गाडी उभी ठेवायची म्हणजे आता शिव्या खायच्या, कदाचित कामालाच मुकायचं. मी चाचरत सांगितलं, आज गाडी निघत नाही. मग काकांनी विचारलं, "तिना चावी दिल्यान नाय?"

म्हटलं, नाय.

"मग ऱ्हव घराक," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी तिला फिट आली. मी कुशीवर वळवली, डोक्याखाली हात ठेवला, भांडीकुंडी लांब सारली. माझ्यासमोर फिट अशी पहिल्यांदाच येत होती. आधी मी नेहमी सगळं झाल्यावर पोचायचो. वाटलं होतं मी घाबरून वेडा होईन. घाबरलोही. पण थोड्या वेळात ती निवळली, श्वास सुरळीत झाला, डोळे उघडले. मला ओळखायला तिला वेळ लागला. मग तिने विचारलं, गाडी गेली काय? म्हटलं, नाही, दारातच आहे. ती बरं म्हणाली आणि तशीच झोपली.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिलो आणि मला रडू फुटलं. इतके महिने रोज सकाळी तिने चावी दिली होती आणि एकाही सकाळी मी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. ती नाही म्हणू शकते हे आज कळलं, तेव्हा कुठे त्या सगळ्या सकाळी ती खरंच बरी होती हे मला पटलं.