पाय धुवायला पाणी

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इथे मुंबईत कुणी पाणी मागितलं, की मला कल्याणचे ते मुकादम आठवतात.

रेल्वेच्या रुळांवर राबणारी टोळी त्यांच्या हाताखाली होती. दुखापत झालेला मजूर कामावर परत घ्यायचा की नाही, हे तेच ठरवत. "दुखतंय का?" असं मात्र ते कधी विचारत नसत. सगळे "नाही" म्हणणार, हे त्यांना ठाऊक असावं.

बाबाही त्याच टोळीत. त्यांचा मोडलेला उजवा हात सांधल्यावर मुकादम आमच्याकडे आले आणि नेहमीसारखं पाय धुवायला पाणी मागितलं. आई विहिरीकडे निघाली.

"वैनी, तुमी बसा. यालाच काढू द्या."

बाबांनी हसत घागर ओढली, पण काठावरून उचलताना डावा हात पुढे केला. मुकादमांनी एकदा पाहिलं आणि पाय धुतले. आम्हाला वाटलं, काम गेलं.

"उद्यापासून ये," ते म्हणाले.

"घण मारायला?"

"घण र्‍हाऊ दे. गाडी आली का झेंडा दाखव. डाव्या हातातला बी दिसतो."