बोलायची कवळी

डिंडोलीच्या आमच्या गल्लीत नवरा-बायकोचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू यायचं. लोटूभाऊ आणि भागीरथीवहिनींचं भांडण मात्र बघायला लागायचं. वहिनी आवाज न काढता नुसतं तोंड हलवायच्या. लोटूभाऊंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्यामुळे निम्मं भांडण आम्हाला फुकटात मिळायचं.

लोटूभाऊ अमळनेरकडचे, कापडाच्या कारखान्यात कामाला म्हणून इथे आलेले. उमेदीची सगळी वर्षं मागावर गेली आणि तिथेच कानही गेले. कारखान्यात माग खडखडायला लागले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. तिथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. लोटूभाऊ त्यात इतके तयार होते की कान पुरते बसल्यावरही घरात त्यांचं काही अडलं नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर ते भिंतीला टेकून बसायचे. वहिनी समोर बसून दिवसभराचं सांगायच्या. नळाला पाणी किती वेळ आलं, सून वर्षा काय म्हणाली, कोणाकडे पाहुणे आले. तीच वेळ त्यांची.

मी बाबुराव, जालन्याकडचा. त्यांच्या घरासमोर माझी पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजात गिऱ्हाइकं ओरडून ओरडून बेजार व्हायची, आणि लोटूभाऊ दारात उभे राहून मला ओठ वाचायला शिकवायचे. मी काही फार हुशार विद्यार्थी नव्हतो, पण भागीरथीवहिनींचं तोंड मला वाचता येऊ लागलं. त्यांचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर जरासे चढलेले होते. बोलताना ते दिसायचे. लोटूभाऊ म्हणायचे, "त्या दातसवर नजर ठेव."

तेच दात आधी हलायला लागले. वहिनी लहानपणापासून मिश्री लावायच्या. उठल्यावर एकदा, दुपारी एकदा, आणि काम नसलं की मध्येही. हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं. मला आधी कळलं ते दळणावरून. ज्वारी बारीक दळा म्हणाल्या, पुढच्या खेपेला अजून बारीक. मग भाकरी डाळीत कुस्करून खाऊ लागल्या. शेवटी चेतन, त्यांचा मुलगा, हजिऱ्याच्या कारखान्यातल्या कामावरून सुट्टी काढून त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, सगळे काढावे लागतील. चेतन आईला समजावत होता, "आई, खावाना त्रास मिटी जाई." वहिनी तयार झाल्या.

काही खेपांत सगळे दात गेले. पहिल्या खेपेला परत आल्या तेव्हा तोंड सुईने बधिर होतं. गालाला हात लावून म्हणाल्या, "हाऊ गाल मना नही, दुसरानाच वाटस." आम्ही हसलो. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, काय खातेस, पेज पितेस का, विचारून गेल्या. शेजारच्या शोभाबाईंनी दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, हेही ऐकवलं. कोणी आलं की ते ऐकवूनच जायचं. मला त्या म्हणीचा वीट आला. खाण्याचं काय, माणूस काहीही गिळून जगतं. बोलायचं कसं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

दात गेल्यावर ओठ आत गेले. वहिनी बोलायच्या तेव्हा तोंड नुसतं उघडायचं आणि मिटायचं. त्यात लोटूभाऊंना काही सापडेना. पहिले काही दिवस "काय म्हनस?" असं ते विचारायचे. वहिनी पुन्हा सांगायच्या, बोटांनी खुणा करायच्या. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि मान डोलवायला सुरुवात केली. कशालाही मान डोलवायची आणि हसायचं.

एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. वहिनी समोर बसून काहीतरी सांगत होत्या आणि लोटूभाऊ मान डोलवत होते. वहिनी थांबल्या. मग त्यांच्याकडेच बघत मोठ्याने, मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "मी मरी जासू."

लोटूभाऊ हसले. "हा, बराबर शे," म्हणाले.

वहिनी उठून आत गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बरं झालं. त्यानंतर संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे ते रस्त्याकडे तोंड करून. दसरा गेला, दिवाळी गेली. त्या घरातलं भांडणही बंद झालं. मला आत कुठेतरी काहीच वाटेनासं झालं होतं, आणि त्या दोघांचं तर त्याहून वाईट असावं. जेवण व्हायचं, भांडी घासली जायची, झोपायचे.

हिरड्या भरल्यावर कवळी आली. पांढरेशुभ्र, एका ओळीतले दात. एकावर एक चढलेले दोन त्यात नव्हते. कवळी लावून वहिनी बाहेर आल्या तेव्हा लोटूभाऊ बराच वेळ बघत राहिले. तोंड दुसऱ्याच बाईचं होतं. पण ओठ जागेवर आले होते.

कवळीने वहिनींच्या हिरड्या सोलल्या. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या तरी फोड बसेनात. जेवताना त्या ती काढून ठेवायच्या आणि भाकरी कुस्करूनच खायच्या. चेतन चिडायचा, मग आणली कशाला म्हणून. संध्याकाळी मात्र स्टीलच्या वाटीतून कवळी काढून, धुऊन, तोंडात बसवून त्या ओट्यावर येऊन लोटूभाऊंसमोर बसायच्या. दुखायचं. डोळ्यांत पाणी यायचं तरी सांगणं चालू असायचं. लोटूभाऊंना ते नवं तोंड शिकायला वेळ लागला. नवा मुकादम आला की त्याची बोली कळायला लागतो तसा. पण शिकले. एक दिवस ओट्यावर भांडण झालं. मी गिरणी बंद केली आणि बघत बसलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत लोटूभाऊ झोपेतच गेले. सकाळी त्यांना खाली घेतलं होतं. बायका बसल्या होत्या. भागीरथीवहिनी रडत नव्हत्या. तोंड आत गेलेलं, हात मांडीवर. तिरडी बांधून झाली, चेतन आत आला, तेव्हा त्या उठल्या. फडताळातली वाटी घेतली, कवळी धुतली आणि तोंडात बसवली. शोभाबाई म्हणाल्या, "आता हे काय?"

वहिनी लोटूभाऊंसमोर बसल्या, ओट्यावर बसायच्या तशाच, तोंड त्यांच्या तोंडासमोर धरून. आवाज न काढता बोलू लागल्या. मी दारात होतो, मला दिसत होतं.

"आज नळले पानी नही उनं. चेतन कामवर गया नही. तुमना भाऊ अमळनेरहून निंघना शे."

आणखी काही सांगायचं राहिलं का, ते त्यांनी आठवून पाहिलं. मग कवळी काढून वाटीत ठेवली. ओठ पुन्हा आत गेले. चेतनकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "आते ली चला."