पूर्ण स्वस्थ

आमच्या शाळेचे कवायत मास्तर गिरधर आजारी आहेत, ही गोष्ट सगळ्या बुऱ्हाणपुरात तिघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः, दुसऱ्या त्यांच्या घरच्या मालतीवहिनी आणि तिसरे डॉक्टर अनंतराव. बाकी गावाला ते आळशी आहेत हे ठाऊक होतं, आणि गावाला ते कळवण्याची कामगिरी मी पार पाडली होती. मी लोटू गुरुजी. त्याच शाळेत मराठी शिकवतो. इतर कामांचा मला कंटाळा आहे, पण जीभ चालवण्याचा कधी शीण आला नाही.

गिरधर माझ्या बरोबरीचा, म्हणून अरेतुरे करतो. हा गडी रोज पहाटे तापी पोहून जैनाबादला जायचा आणि पोहूनच परत यायचा. त्याची 'सावधान' अशी ऐकू यायची की रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा पाठ ताठ करायचा. सत्तावन सालच्या पावसाळ्यात तापाची ती मोठी साथ आली. घरोघरी माणसं चार दिवस पडली आणि पाचव्या दिवशी उठून कामाला लागली. मीही उठलो. गिरधरही उठला, मैदानावर आला, 'सावधान' म्हणाला आणि पोरांच्या देखत मातीत खाली बसला.

मग महिने गेले. ताप नाही, खोकला नाही, दोन भाकरी पोटात जातात, आणि तरी हा माणूस आठवड्यातले तीन दिवस खाटेवर. हेडमास्तर मोतीलालजी म्हणायचे, "आजार असला तर दिसला पाहिजे ना. या मास्तरायचा आजार मले दिसूनच नाही राह्यला." मोतीलालजींना चष्म्याशिवाय हजेरीपट दिसत नसे, पण ते मुद्द्याचं नव्हतं. कवायतीत 'सावधान'नंतर 'विश्राम' येतं. गिरधरनं मधलं सगळं गाळलं म्हणून मी त्याचं नाव विश्राममास्तर ठेवलं. नाव आठ दिवसांत राजपुऱ्यापासून शनवाऱ्यापर्यंत पोचलं. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला. कोणी बदामाचं दूध सांगितलं, कोणी नजर उतरवायला सांगितली. फोपनारचे केळीवाले कडूतात्या म्हणाले, "मास्तर, माह्या मळ्यात आठ दिवस घड उचला. थकवा कुठच्या कुठं पळून जाईन." मी म्हटलं, चालणं हेच औषध. एका सकाळी त्याला घरातून ओढूनच काढलं. नदीपर्यंत गेलो, नावेनं जैनाबादला उतरलो, चहा प्यालो, परत आलो. गिरधर हसत होता, बोलत होता. संध्याकाळी मी चौकात जाहीर केलं की आजार जैनाबादला सोडून आलो. दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी तो उशीवरून डोकं उचलू शकेना. खिडकीचा उजेड सोसेना. मी एक वाक्य बोललो, तर त्याचा शेवट कानी पडेपर्यंत तो सुरुवात विसरला. मी बाहेर येऊन म्हणालो, नाटक चांगलं वठवतो.

वहिनींनी ते ऐकलं. त्या रागावल्या नाहीत, पंचांग घेऊन दारात आल्या. तिथींवर त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

"गुरुजी, हे पाहा. दशमीले काही केलं की द्वादशीले पडतात. अष्टमीले केलं तर दशमीले. मधला दिवस लोकायले दिसते, तिसरा दिवस मले दिसते."

"म्हणजे काहीच करायचं नाही का?"

"करायचं ना. पण थकायच्या पहिले थांबायचं. थकल्यावर थांबून उपयोग नाही. तुम्ही त्यायले चांगल्या दिवशी घेऊन गेले, म्हणून हा दिवस आला."

मी घरी गेलो. पंचांगात मुहूर्त असतात, सण असतात, पण माझी चूक तिथिवार मांडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तोवर आमचं राज्यही आजारातून उठल्यासारखं नव्यानं उभं राहत होतं. राजधानीचं नागपूर सुटलं होतं, भोपाळ लागलं होतं. शिक्षण खात्याचं नाव शिक्षा विभाग झालं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही मात्र मराठी अर्थ धरून चाललो आणि तो फारसा चुकला नाही.

गिरधरची रजा संपत आली, तेव्हा दाखला हवा होता. डॉक्टर अनंतराव सरळ माणूस. ते म्हणाले, "या दुखण्याचं नाव मला माहीत नाही. पण साथीनंतर असे चार जण मी पाहिले. ताप गेला, ताकद परत आली नाही. मला माहीत नाही म्हणून ते खोटं होत नाही." त्यांनी मराठीत लिहून दिलं: 'तापानंतर फार अशक्त आहेत. काही महिने अर्धा वेळ, बसून काम द्यावे.'

दाखला खंडव्याच्या शिक्षा विभागाच्या ऑफिसात गेला. महिन्याभरानं हिंदीत हुकूम आला: 'श्री गिरधर को अशक्त पाए जाने के कारण सेवा से निवृत्त किया जाता है।'

आपल्याकडे अशक्त कोण? ज्याला दूधतूप दिलं पाहिजे तो. त्या ऑफिसात अशक्त म्हणजे कायमचा निकामी, ज्याला घरी पाठवलं पाहिजे तो. पुढची ओळ कोणी वाचलीच नव्हती. गावाचं मात्र मत एका दिवसात पालटलं. जो वर्षभर सांगत होता त्याच्यावर विश्वास बसला नाही, पण शिक्क्यावर बसला. लोक भेटायला यायला लागले. कडूतात्या केळी घेऊन आले आणि म्हणाले, "मले तर पहिल्या दिवसापासून समजलं होतं." गिरधर खाटेवरून सगळ्यांना हात जोडत होता. नोकरी गेल्यावर घर कशावर चालणार, हे त्याला कोणी विचारलं नाही.

गिरधरनं फेरविचाराचा अर्ज केला. उत्तर आलं, समक्ष येऊन अशक्त नसल्याचं सिद्ध करा, सोबत शाळेचा एक साक्षीदार आणा. साक्षीदार मी झालो. ठरलेला दिवस दशमीचा निघाला. वहिनींनी पंचांग उघडलं आणि बंद केलं. त्याआधी आठ दिवस त्यांनी गिरधरला खाटेवरून हलू दिलं नाही.

खंडव्याला साहेबांनी त्याला अंगणात उभं केलं. ऊन होतं. "चलिए, मास्टरजी, दिखाइए." गिरधरनं दाखवलं. सावधान, दाहिने मुड, पीछे मुड, दौडके चल. दोन फेऱ्या पळाला. पोरांसमोर देत होता तशीच हाक दिली आणि दोन कारकून खिडकीत आले. मी त्याच्या पोटऱ्यांकडे पाहत होतो. त्या थरथरत होत्या. मग साहेब माझ्याकडे वळले.

"आप साथ में पढ़ाते हैं. इनको कभी बीमार देखा है?"

वर्षभर मी चौकाचौकात सांगितलं होतं की या माणसाला काही झालेलं नाही. तेव्हा मला कोणी विचारलंही नव्हतं. आता मला माहीत होतं की तो आजारी आहे, परवा उठू शकणार नाही हेही माहीत होतं, आणि त्याची भाकरी वाचवायची तर तेच जुनं वाक्य बोलायचं होतं.

"जी नहीं," मी म्हणालो, "इनको कुछ नहीं हुआ." आयुष्यात मला दुसऱ्या कुठल्याच वाक्याची इतकी लाज वाटली नाही.

साहेब खूश झाले. कागदावर शेरा पडला: 'पूर्ण स्वस्थ. कार्य पर लिया जाए.'

एकादशीला गिरधर शाळेत येऊन हजर झाला. मोतीलालजींनी कागद सगळ्यांसमोर वाचला, टाळ्या वाजल्या. द्वादशीला मी त्याच्या घरी गेलो. खिडकीला गोधडी लावली होती. तो डोळ्यांवर ओला फडका घेऊन पडला होता. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि त्याला बोलावं लागू नये म्हणून एक शब्द बोललो नाही. माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटणार नाही.

सहाव्या दिवशी तो भिंतीला हात लावत शाळेत आला. मोतीलालजी कागद घेऊन तयारच होते. "मास्तर, आता सवलत नाही हं. सरकारनं पूर्ण स्वस्थ लिहिलंय. मैदानावर चला."

मी कागद त्यांच्या हातातून घेतला. "हेडमास्तर, ही मराठी शाळा आहे ना?"

"हाव. मग?"

"मग मराठीत वाचा. आपण पोरांना स्वस्थ बस म्हणतो, म्हणजे काय करायला सांगतो? त्यांनी आपलं अशक्त हिंदीत वाचलं. आपण त्यांचं स्वस्थ मराठीत वाचू. मास्तरांनी पूर्ण स्वस्थ बसावं, असा हुकूम आहे. पळायचं ते मी पळतो."

मोतीलालजींनी चष्मा लावला. शेरा वाचला, मग गिरधरकडे पाहिलं. बहुधा वर्षात पहिल्यांदाच चष्मा लावून पाहिलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "खुर्ची सावलीत ठेवजा. उजेड सोसत नाही त्यायले."

निंबाखाली खुर्ची ठेवली. गिरधर बसला. मी, पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला मराठीचा गुरुजी, साठ पोरांसमोर उभा राहिलो. पोरं हसली. मी 'सावधान' म्हणालो, ते जमलं. पुढचा शब्द येईना. वर्षभर तो मी चौकात, टपरीवर, जिथं मिळेल तिथं चेष्टेत उधळला होता. पोरं ताठ उभीच.

"म्हण ना लोटू," गिरधर खुर्चीतून हळूच म्हणाला. "उन्हात उभी आहेत पोरं."

मी त्याच्याकडे न बघता 'विश्राम' म्हणालो.