व्हिएन्नातला आमचा सोमवार

बुधवारी सकाळी सुमेधा गेली.

पुढचे तेरा दिवस मस्कतमधल्या अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये लोक येत होते. येताना डबे आणत होते आणि बसल्यावर काय बोलावं ते न सुचून एसीकडे बघत होते. मला गप्प बसायची सवय आहे, पाहुण्यांना नसते. म्हणून मी त्यांना आमच्या व्हिएन्नाच्या सहलीची गोष्ट सांगू लागलो. लोक हसायचे. मग एकदम आपण कुठे बसलो आहोत हे आठवून गप्प व्हायचे. तोंडी सांगताना माझं काहीतरी चुकत असावं, म्हणून आता लिहून काढतो.

सुमेधा इथल्या एका भारतीय शाळेत चित्रकला शिकवायची. ज्यांनी बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिला आहे, अशा मुलांना ती बर्फ रंगवायला शिकवी. व्हिएन्नातल्या एका म्युझियममध्ये साडेचारशे वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे: बर्फातून दमून परतणारे शिकारी, मागे त्यांचे कुत्रे, खाली गोठलेलं तळं. तिच्याकडे त्याच्या तीन छापील प्रती होत्या आणि तिन्हींत बर्फाचा रंग वेगळा होता! एकीत निळसर, एकीत हिरवट, तर एकीत दहा वर्षं धुतलेल्या बनियनसारखा.

"अहो, खरा कुठला असेल?" हे ती लग्नापासून विचारत होती. शेवटी एका मार्चच्या सुट्टीत आम्ही निघालो: ती, मी आणि आमची तेरा वर्षांची ऋचा. तो रंग बघायला.

आखणी माझ्याकडे होती. मी वाचणारा माणूस. गाईडबुकं ही पर्यटकांसाठी असतात असं माझं मत होतं (मग आपण कोण, हा प्रश्न तेव्हा पडला नाही). मी तिथल्या राजघराण्याचा सातशे पानी इतिहास वाचला. कुठल्या राणीला किती मुलं झाली, कुठल्या राजाचा जबडा पुढे आला होता, सगळं त्यात होतं. काय कधी बंद असतं, एवढंच नव्हतं. ते मी अनुभवावरून ठरवलं. मस्कतमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाचा अनुभव असा: शुक्रवारी सगळं बंद, रविवारपासून सगळे कामाला!

त्यामुळे माझ्या वेळापत्रकात लिहिलं होतं: शुक्रवार, हॉटेलवर विश्रांती.

शुक्रवारी सकाळी सुमेधा खिडकीशी उभी राहिली. "अहो, सगळं उघडं दिसतंय. लोक पिशव्या घेऊन चाललेत."

"आता उघडं असेल. दुपारी बंद होईल बघ."

बारा वाजता चर्चची घंटा वाजली. मी विजयी मुद्रेने पुस्तकातून मान वर केली. "ऐकलंस?"

तिने चिवड्याचा डबा उघडला. दुपारभर आम्ही मायलेकींनी आणलेला चिवडा खात बसलो. खाली व्हिएन्ना मजेत चाललं होतं.

शनिवारी राजवाडा. दर दालनात मी थांबून त्या दालनाचा इतिहास सांगत होतो. अकराव्या दालनात ऋचाने कानातलं यंत्र काढलं. "बाबा, ऑडिओ गाईडला ॲटलीस्ट बटण असतं. तुला कुठे असतं?"

"आई," ती पुढे म्हणाली, "वेअर इज युवर स्नो पेंटिंग?"

"सोमवारी," मी म्हणालो. "निघायच्या दिवशी. जेवणात गोड शेवटी खावं."

"आपल्याकडे गोड सुरुवातीलाच वाढतात," सुमेधा म्हणाली. पण हसून म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही.

रविवार खरेदीचा. ऑफिसातल्या लोकांसाठी चॉकलेटं, शाळेसाठी रंग, आणि चिवडा शुक्रवारीच संपल्यामुळे काहीतरी खायला. आम्ही हॉटेलातून बाहेर पडलो आणि पाहतो तो पहिलं दुकान बंद. दुसरं बंद. रंगांचं दुकान बंद. सुपरमार्केट बंद! मस्कतमध्ये चहाचं दुकान सुपरमार्केटच्या मागे असलं तरी पार्किंगमध्ये हॉर्न वाजवला की चहा गाडीपाशी येतो. इथे आम्ही तिघं चालतोय आणि आमच्यासाठी कुणी पापणी हलवायला तयार नाही.

"बाबा, इज इट कर्फ्यू?" ऋचाने विचारलं.

"कुणीतरी मोठं माणूस गेलं असेल," मी म्हणालो. एका बंद काचेसमोर आदराने क्षणभर उभाही राहिलो. (ते मोज्यांचं दुकान होतं.)

"अहो, आज रविवार आहे," सुमेधा म्हणाली. "पुण्यात लहानपणी रविवारी शाळा नसायची, आठवतंय का?"

आठवलं. पण पुण्यात रविवारी दुकानं तर उघडी असायची! दोन गावच्या सवयी माझ्या अंगात होत्या, आणि या तिसऱ्या गावी दोन्ही निरुपयोगी ठरल्या होत्या.

भुकेने हिंडता हिंडता आम्ही एका मोठ्या चौकात आलो. समोर तिचं म्युझियम होतं. दारं सताड उघडी. लोक आत जात होते, बाहेर येत होते. एक लहान मुलगी पायऱ्यांवर केक खात होती.

सुमेधा थांबली. "जाऊ या का आत्ता?"

मी खिशातून वेळापत्रक काढलं. खरंच काढलं! "आज गर्दी आहे बघ. सुट्टीचा दिवस. उद्या सगळे कामावर जातील, मग निवांत बघशील. हवा तेवढा वेळ."

"दहा मिनिटं फक्त."

"दहा मिनिटांत काय बघणार तू? उद्या दोन तास ठेवलेत."

तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं. उद्या."

आम्ही पुढे गेलो आणि एका स्टेशनवर गार सँडविच खाल्लं.

सोमवारी सकाळी बॅगा हॉटेलात ठेवून आम्ही दहाच्या ठोक्याला पोचलो. गर्दी अजिबात नव्हती. "बघ!" मी म्हणालो. "निवांत." इतकं निवांत, की दारच बंद होतं. दारावर एक पाटी होती. मला जर्मन येत नाही, पण बंद दाराला भाषांतर लागत नाही.

बाजूच्या फाटकाशी एक पहारेकरी होता. मी धावलो.

"मंडे, क्लोज्ड," तो म्हणाला. "टुमॉरो."

"टुमॉरो नो! फ्लाईट टुडे. मॅडम टीचर. फ्रॉम ओमान. वन पेंटिंग, फाईव्ह मिनिट्स, इन्शाल्ला." त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, तेव्हा मी हात जोडले. "प्लीज, अर्बाब!"

अर्बाब म्हणजे आखाती अरबीत मालक; आयुष्यात मी कुणालाही अशी हाक मारली नव्हती. तो ऑस्ट्रियन बिचारा दोन पावलं मागे सरला.

मागून आवाज आला. मला वाटलं, सुमेधा रडते आहे. वळून पाहिलं तर ती पायरीवर बसून पोट धरून हसत होती. ऋचाही. "अर्बाब!" सुमेधा म्हणाली आणि पुन्हा सुटली. मग डोळे पुसत उठली. "चला. साडेचारशे वर्षं थांबलंय ते. अजून एक वर्ष थांबेल. पुढच्या वेळी आखणी मी करीन."

पुढच्या वर्षी ऑफिसचं काम आलं. त्याच्या पुढच्या वर्षी ऋचाची दहावी. त्याच्या पुढे मी स्वतःच म्हणालो, "जाऊ की, घाई काय आहे?" मग दवाखाने सुरू झाले. ती म्हणाली होती तसं चित्र थांबलं.

आता त्या म्युझियमच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. मंगळवार ते रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. गुरुवारी रात्री नऊपर्यंत.

बर्फाचा रंग कुठला, ते मला माहीत नाही.