डावीकडची गोळी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण बहरीनमध्ये मी जो घोळ घातला, तसा घालायला शिकलेला माणूसच लागतो!

ऐंशीनंतरची गोष्ट. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, सोबत आमचे फिटर, राजापूरचे हसनमिया. एका नेमबाजी क्लबाला गुण मोजणारं मशीन हवं होतं. टार्गेटच्या चार कोपऱ्यांत चार माइक लावायचे. गोळीचा आवाज कुठल्या माइकला आधी पोचला त्यावरून मशीन जागा काढणार, आणि नेमबाजाशेजारच्या पडद्यावर ठिपका आणि गुण दाखवणार.

चाचणीत हसनमियांनी वीस गोळ्या मारल्या. कागदावर आठ, तर पडद्यावर आठ. मी हवेत!

स्पर्धेच्या दिवशी क्लबाचे सगळ्यात नावाजलेले नेमबाज, एक कॅप्टनसाहेब, पहिले नेम धरायला उभे राहिले. पहिली गोळी. ठिपका डावीकडे, गुण आठ. त्यांनी बंदुकीवरचा स्क्रू फिरवून नेम जरा उजवीकडे घेतला. दुसरी गोळी. पुन्हा डावीकडे, सहा! आणखी उजवीकडे. चार!

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मशीन खराब है?"

"नो सर! मशीन झूठ नहीं बोलता. शायद आपका हाथ..."

हो, बोललो! हसनमियांनी असा चिमटा काढला म्हणता! "अरे, गप बस की! व्हिसा कॅन्सल करून घेतोस काय?"

चौथी गोळी. दोन! साहेबांनी बंदूक हळूच खाली ठेवली. आपलाच हात उलटासुलटा करून बघितला. "खलास," ते म्हणाले. "आज से शूटिंग बंद."

गोळीबार थांबवायला सांगून आम्ही दोघं टार्गेटकडे गेलो. कागदावर चारही भोकं उजवीकडे!

"हसनमिया, पडद्यावर डावीकडे होती ना?"

"होती." ते कागदाकडे बघत राहिले. "वायरी जोडल्यास तेव्हा तू कुठं उभा होतास?"

"टार्गेटच्या मागे."

"आणि मारणारा?"

"पुढे..."

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. माझा डावा तो साहेबांचा उजवा! चाचणीत आम्ही नुसते आकडे जुळवले होते, बाजू बघायचं कुणाच्या डोक्यात येणार? बिचारे साहेब माझ्या पडद्यावर भरवसा ठेवून उजवीकडची गोळी आणखी उजवीकडे ढकलत होते!

परतीचे ते पन्नास मीटर संपता संपेनात. समोर उभा राहून सगळं कबूल केलं. आता गेली नोकरी!

साहेबांनी हात पुढे करून विचारलं, "तो मेरा हाथ ठीक है?"

"एकदम ठीक, सर."

"अल्हम्दुलिल्ला!" डोळे मिटून त्यांनी मोठ्ठा श्वास सोडला. आम्ही वायरी बदलल्या, स्पर्धा पहिल्यापासून सुरू झाली, आणि साहेबांची पहिलीच गोळी दहा!

निघताना त्यांनी मला थांबवलं. "गाडी चलाता है?"

"यस सर, कंपनी का पिकअप."

"इधर राइट साइड से चलाते हैं. राइट कौन सा, मालूम है?"

"यस सर!" म्हणून मी झटकन हात वर केला.

कुठला, ते विचारू नका. हसनमियांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली आणि मआमीरला आमच्या खोलीपर्यंत गाडी त्यांनीच चालवली.